डिस्क बदलू की नुसते पॅड? ब्रेकबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ब्रेकवरच एवढे प्रश्न आलेत की क्लच आणि टायरचे सगळे पुढच्या अंकात ढकललेत. पावसाळ्यात चार महिने चिखलपाण्यात गाडी चालली की नंतर आवाज, थरथर, गंज सगळं एकदम वर येतं, आणि मग गॅरेजवाला एक सांगतो, सर्व्हिस सेंटर दुसरं सांगतं आणि शेजारचे काका तिसरंच. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. नवख्यांसाठी एवढंच, डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात, आणि पॅड धरून दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर.

प्रश्न : माझी स्विफ्ट पेट्रोल आहे, ६२ हजार किमी झालेत. आठवड्यातून तीन-चारदा सातारा-पुणे असतं. ८०-९० ला ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरतं, खंबाटकीचा बोगदा सोडून खाली उतरताना तर चांगलंच जाणवतं. सर्व्हिस सेंटर म्हणतंय पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदला. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो लेथवर मारून (म्हणजे वरचा थर तासून) आणतो, काम होऊन जाईल. कुणाचं ऐकू? — एक वाचक, सातारा

दादा, आधी माप घ्या, मग ठरवा कुणाचं ऐकायचं ते. दोघांपैकी एकानंही तुम्हाला आकडा सांगितलेला नाही, आणि आकड्याशिवाय डिस्क बदला म्हणणं जेवढं चूक तेवढंच आकड्याशिवाय लेथवर मारा म्हणणंही चूक.

प्रत्येक डिस्कवर, मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा बाहेरच्या कडेला, कमीत कमी किती जाडी चालेल ते कोरलेलं असतं. इंग्रजीत 'मिन टीएच' असं बारीक अक्षरात आणि पुढं मिलिमीटरमधला आकडा. गंजानं झाकलेला असतो म्हणून कुणी बघत नाही, वायर ब्रशनं घासलं की दिसतो. आता डिस्कची जाडी मोजायची ती मायक्रोमीटरनं. बरेच जण व्हर्नियर लावतात आणि तिथंच घोळ होतो, कारण पॅड जिथं घासत नाही तिथं डिस्कच्या काठाला एक उंचवटा राहिलेला असतो, व्हर्नियरचे जबडे त्या उंचवट्यावर बसतात आणि माप जास्त दाखवतात, आतली डिस्क मात्र झिजून पातळ झालेली असते. काठापासून साधारण एक सेंटिमीटर आत, गोल फिरवत सात-आठ ठिकाणी माप घ्यायला सांगा आणि प्रत्येक आकडा कागदावर लिहून घ्या.

त्या आकड्यांमधला आपसातला फरक हीच तुमची थरथर आहे. सगळे म्हणतात डिस्क वाकडी झाली, पण रोजच्या गाडीत डिस्क खरोखर वाकल्याचं फार कमी बघायला मिळतं. होतं असं की डिस्क एका जागी जाड, एका जागी पातळ होते, आणि हा फरक दोन शतांश मिलिमीटर असला तरी स्टेअरिंगला जाणवतो. कारणं साधारण तीन. एक, उतारावरून तापलेल्या ब्रेकनं येऊन टोल नाक्यावर किंवा सिग्नलला पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, त्या एकाच जागी डिस्कला चिकटतो. दोन, मागच्या वेळी काम करताना हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज न काढता डिस्क बसवली, ती केसभर तिरकी बसली, आणि काही हजार किमीमध्ये फिरता फिरता एका बाजूनं झिजली. तीन, चाकाचे नट एअर गननं भसाभस आवळले, एक जास्त एक कमी. छोट्या गाड्यांना नट आवळायचा जोर साधारण ८५ ते ११० न्यूटनमीटर लागतो, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, आणि गन त्याच्या कितीतरी पुढं जाते.

म्हणून ठरवायचं असं. समजा डिस्कवर किमान १८ कोरलंय आणि तुमची १९.४ भरली, तर लेथ मारायला काहीच हरकत नाही, दोन्ही बाजूंनी मिळून थोडं निघेल आणि तरी पुढच्या पॅडच्या आयुष्यापुरतं लोखंड उरेल. १८.४ भरली तर लेथ मारून ती कशीबशी मापात राहील आणि पॅड अर्धे संपायच्या आत मापाखाली जाईल, तिथं काही शे रुपये वाचवण्यात काय अर्थ आहे? नवी घ्या. आणि १८ च्या खाली असेल तर लेथचा विषयच काढू नका. पातळ डिस्क लवकर तापते, जास्त तापते, चीर पडू शकते, शिवाय कॅलिपरचा पिस्टन त्याच्या जागेतून जास्त बाहेर येतो. तुमच्याच गाडीतला आकडा बघा, हे आकडे समजायला दिलेत.

डिस्क बदला नाहीतर लेथवर मारा, दोन्ही बाजूंची एकदम करायची आणि पॅड त्याच वेळी नवे टाकायचे. जुन्या पॅडला जुन्या डिस्कचे चर पडलेले असतात, ते नव्या डिस्कवर नीट टेकत नाहीत. आणि हो, ब्रेक न मारता पण थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग करून बघा, ब्रेकला हात लावू नका.

प्रश्न : शाळा, ऑफिस, भाजी एवढंच गाडीचं काम, सगळं शहरात. पॅड बदलायला झालेत. दुकानदारानं चार डबे समोर ठेवले, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यात तिप्पट फरक. सिरॅमिक घ्या म्हणाला. खरंच लागतात का? — एक वाचक, नाशिक

ताई, शहरातल्या वापराला सिरॅमिक लागतातच असं नाही, पण ते वाईट पण नाहीत. थोडं समजून घ्या म्हणजे डबा बघून तुम्हीच ठरवाल.

ऑरगॅनिक म्हणजे राळ, तंतू, रबर, ग्राफाइट वगैरे एकत्र दाबून केलेले पॅड. आवाज कमी, थंड असताना पहिल्या दाबाला चांगले धरतात, डिस्क कमी खातात, पण फार तापले की पकड सुटायला लागते आणि झिजतात लवकर. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचे तंतू आणि भुकटी बऱ्यापैकी असते, ते उष्णता सहन करतात, घाटात आणि लोड गाडीत बरे, पण काळी धूळ जास्त, आवाज जास्त आणि डिस्क पण लवकर झिजवतात. सिरॅमिक शांत असतात, धूळ फिकट आणि कमी, अलॉय व्हील स्वच्छ राहतात, किंमत जास्त. तुमच्यासारख्या वापरात कंपनीनं गाडीसोबत ज्या जातीचे पॅड दिले होते त्याच जातीचे घेतले की झालं, कारण मागचा ब्रेक, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), पेडलचा दाब हे सगळं त्या पकडीचा हिशेब धरून जुळवलेलं असतं.

आता एक गोष्ट जी दुकानदार सांगत नाही. बऱ्याच पॅडच्या कडेला किंवा पाठीवर लांबलचक कोड छापलेला असतो आणि त्याच्या शेवटी इंग्रजीत दोन अक्षरं असतात, 'ईई', 'एफएफ', 'जीजी' अशी. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानातली पकड, दुसरं चांगलं तापल्यावरची. 'ई' म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला 'एफएफ' उत्तम. 'एफई' दिसलं तर समजायचं की तापल्यावर पकड उतरते, मग स्वस्त असला तरी तो डबा परत द्या. पॅड किती टिकेल हे मात्र या अक्षरांवरून कळत नाही.

ब्रँडचं म्हणाल तर गाडी कंपनीचा स्वतःचा पार्ट, किंवा जे ब्रेकवाले गाडी कंपन्यांनाच माल देतात त्यांचा, यात तुमचं काही चुकणार नाही. चेन्नईची ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश, ब्रेम्बो ही नावं आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळतात. नावापेक्षा डुप्लिकेटची भीती मोठी. अगदी पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टच्या बाजारात घेतलंत तरी बिल पक्कं घ्या, डब्यावरचा पार्ट नंबर आणि पॅडवर छापलेला नंबर जुळतो का ते काउंटरवरच बघा, पॅडचा मसाला पाठीच्या लोखंडी पट्टीला सगळीकडून नीट चिकटलाय का, कडेला फट किंवा चीर आहे का तेही नखानं चाचपून बघा. ही फट म्हणजे उद्या मसाला पट्टीपासून सुटून पडायची शक्यता, आणि मग लोखंडावर लोखंड.

बदलायचे कधी? नव्या पॅडचा मसाला साधारण १० ते १२ मिमी असतो, ३ मिमीच्या आसपास आला की बदला. बऱ्याच पॅडला एक पत्र्याची जीभ असते, मसाला संपत आला की ती डिस्कला घासते आणि चीं चीं आवाज येतो. तो आवाज ऐकून रेडिओ मोठा करू नका.

प्रश्न : गाडी थोडी स्पोर्टी करायची आहे. भोकवाल्या आणि खाचा पाडलेल्या डिस्क ऑनलाइन मिळतायत. ब्रेकिंग खरंच वाढतं का? — एक वाचक, पिंपरी

मित्रा, तुझ्या वापरात नाही वाढणार. एबीएस लागेपर्यंत ब्रेक दाबता येतोय म्हणजे डिस्कची ताकद पुरेशी आहे, तिथून पुढं गाडी किती अंतरात थांबणार हे टायर ठरवतात. भोकांची पद्धत आली ती जुन्या पॅडमधून तापल्यावर निघणारा वायू बाहेर जावा म्हणून, आजच्या चांगल्या पॅडला तो त्रास फारसा नाही. उलट भोकं पाडली की तेवढं लोखंड कमी, म्हणजे उष्णता साठवायला जागा कमी, आणि वारंवार तापून थंड झालं की चिरा त्या भोकांच्या काठापासूनच सुरू होतात. स्वस्तातल्या डिस्कला साध्या डिस्कवरच ड्रिल मारलेलं असतं, ती तर नकोच. खाचांची डिस्क पॅड साफ ठेवते पण पॅड लवकर खाते आणि घरघर आवाज पण करते. पैसे आहेतच तर चांगले टायर घे, ब्रेक ऑइल बदल, पॅड एक पायरी वरचे घे. पुढं साधी व्हेंटेड डिस्क, दोन पाळ्यांच्या मधून हवा जाणारी, एवढं बस झालं.

प्रश्न : आम्ही गुहागरजवळ राहतो. गाडी कधी कधी पंधरा-वीस दिवस हलत नाही. डिस्क लाल होतात, एकदा तर चाक जाम झालं होतं. मोटरसायकलच्या डिस्क कशा चकचकीत राहतात, तशी गंज न लागणारी डिस्क गाडीला का देत नाहीत? — एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना चांगलं माहितीये. मोटरसायकलची डिस्क स्टेनलेस स्टीलची असते, तिथं वजन कमी, डिस्क उघडी, वारा सरळ लागतो, आणि दिसायला पण हवी. मोटारीची डिस्क ग्रे कास्ट आयर्न म्हणजे ओतीव लोखंडाची असते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत हे ग्रे आयर्न रोज ओतलं जातं. त्याच्यात ग्राफाइटच्या बारीक पापड्या पसरलेल्या असतात, त्या दोन कामं करतात. उष्णता पटकन पसरवतात, आणि कंपन शोषून घेतात, म्हणून ब्रेक किंचाळत नाही. स्टेनलेस उष्णता बरीच हळू नेतं, टनभर वजनाच्या गाडीत पॅडखालचा भागच तापत बसेल. त्यात ओतीव लोखंड स्वस्त आणि लेथवर छान चालतं. गंज ही त्याची किंमत, ती आपण मोजतो.

वरवरचा लाल थर घाबरण्यासारखा नाही, पहिल्या पाच-सहा ब्रेकात निघून जातो, फक्त तेवढा वेळ गाडी हळू ठेवा आणि समोर अंतर ठेवा. खारा वारा असलेल्या ठिकाणी गाडी धुवून लगेच उभी करू नका, पाचेक मिनिटं चालवून हलके ब्रेक मारत डिस्क कोरडी करा, मग लावा. हँडब्रेक ओढून पंधरा दिवस ठेवलीत की मागच्या ड्रम ब्रेकचे शू (ड्रमला आतून दाबणारे तुकडे) ड्रमला चिकटतात, तुमचं जाम झालेलं चाक बहुतेक तेच असावं. सपाट जागेवर गिअरमध्ये ठेवा, चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळा लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा. ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये, पण ठोकळा तरी लावाच. आणि आठवड्यातून एकदा घरातल्या कुणीतरी गाडी गावातल्या गावात फिरवून आणली तर अर्धे त्रास होतच नाहीत.

नवी डिस्क घेताना टोपीला आणि कडेला राखाडी कोटिंग दिलेली घ्या. पॅड घासतो तिथलं कोटिंग पहिल्याच दिवशी निघतं, पण हबकडचा भाग आणि हवेच्या फटी वाचतात, आणि कोकणात डिस्क तिथूनच सडते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी पण हे लक्षात घ्या, मोटरच गाडी थांबवते म्हणून डिस्क वापरलीच जात नाही आणि गंज बसून राहतो, अधूनमधून मुद्दाम जोरात ब्रेक मारावा लागतो.

प्रश्न : लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना ब्रेकचा जळका वास आला आणि पेडल मऊ लागायला लागलं. खाली येऊन अर्धा तास थांबलो, मग सगळं ठीक. पॅड बदलू का? — एक वाचक, ठाणे

पॅड बघाच, पण त्याआधी ब्रेक ऑइल. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड गेलीये. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर पेडलचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या ऑइलमध्ये वाफ झालीये. तुमचं दुसरं आहे आणि ते जास्त धोक्याचं.

हिशेबच सांगतो. हजार किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबवली की साधारण ३८६ किलोज्यूल उष्णता ब्रेकमध्ये जाते, लिटरभराहून थोडं जास्त पाणी उकळीपर्यंत येईल एवढी. लोणावळा ते खोपोली उतार साधारण ५०० मीटरचा, तेवढ्या उंचीवरून त्याच गाडीला नुसतं खाली आणायचं म्हणजे जवळपास ४,९०० किलोज्यूल. गिअर न वापरता हे सगळं ब्रेकवर टाकलंत तर १०० वरून बारा-तेरा वेळा थांबवल्यासारखं, आणि यातलं बहुतेक पुढच्या दोन डिस्कवर.

डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा, टाकीच्या झाकणावर लिहिलेला असतो. डॉट ४ ऑइल ताजं असताना कमीत कमी २३० अंशाला उकळतं, डॉट ३ असेल तर २०५. हे ऑइल हवेतलं पाणी शोषत राहतं, आणि पाणी ३.७ टक्क्यांवर गेलं की डॉट ४ ची हमी १५५ वर येते, डॉट ३ ची १४० वर. आपल्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल बदलायलाच हवं, गाडी किती चालली याला महत्त्व नाही. झाकणावर जे लिहिलंय तेच टाका. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळत नाही, चुकून पण टाकू नका. डॉट ५.१ वेगळं आहे, ते चालतं.

आणि उतरताना ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा, ऑटोमॅटिकमध्ये एल किंवा मॅन्युअल मोड लावा. ब्रेकवर पाय ठेवून घसटत येण्यापेक्षा नीट दाबायचा, वेग कमी करायचा, सोडायचा. न्यूट्रलवर उतरणारे आजही दिसतात आणि बघून जीव खालीवर होतो.

प्रश्न : इथं न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तीन वर्षांत रोटरचं (तुम्ही डिस्क म्हणता ती) वाटोळं होतं. पॅडच्या डब्यावर पानाचं चिन्ह असतं ते काय? — एक वाचक, एडिसन

गुहागरवाल्यांना सांगितलं तेच तुम्हाला दुप्पट लागू, कोटिंगवाला रोटरच घ्या आणि हिवाळा संपला की कॅलिपरच्या पिना उघडून साफ करून घ्या. पानाचं चिन्ह तांब्यासाठी आहे. पॅडमधलं तांबं धुळीबरोबर नाल्यात, नदीत जातं आणि माशांना अपाय करतं, म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यांनी २०१० मध्ये कायदे केले. तीन पानं भरलेली असली की तांबं ०.५ टक्क्याच्या आत. पकड किंवा टिकाऊपणाशी त्याचा थेट संबंध नाही.

प्रश्न : काम आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्येच करणार. मला गाडीतलं काही कळत नाही. उभं राहून नेमकं काय बघू? — एक वाचक, सांगली

हा प्रश्न विचारलात याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला. मध्यम किमतीचा पार्ट नीट बसवला तर छान चालतो, आणि महागातला महाग पार्ट गंजक्या हबवर घाईत ठोकला तर महिन्यात थरथर चालू.

जुने पॅड काढल्यावर आतला आणि बाहेरचा शेजारी शेजारी ठेवायला सांगा. आतला खूपच झिजलाय आणि बाहेरचा शाबूत आहे म्हणजे कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत, नुसते पॅड बदलून ते परत तसेच झिजणार. पिना बाहेर काढून पुसायच्या, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. नेहमीचं बेअरिंगचं ग्रीस लावू देऊ नका, त्यानं रबर फुगतं आणि पिना अजून अडकतात. हबवरचा गंज वायर ब्रशनं चकचकीत होईपर्यंत काढायचा. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो ब्रेक क्लीनरनं दोन्ही बाजूंनी पुसून काढायचा, पेट्रोलच्या मळक्या फडक्यानं नाही. कॅलिपर सोडला की तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेनं वर बांधायचा. पिस्टन मागं ढकलताना ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल वर येतं, तिथं लक्ष ठेवायला सांगा, हे ऑइल रंग खातं. नट हातानं लावून शेवटी टॉर्क रेंचनं, समोरासमोरचे आवळत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी हलवायच्या आधी इंजिन चालू करून पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं. पिस्टन मागं गेलेला असतो, पहिले काही दाब पेडल थेट तळाला जातं, आणि गॅरेजच्या दारातच गाडी समोरच्या भिंतीवर जाते. मेकॅनिकनं केलं असलं तरी तुम्ही बसल्यावर परत एकदा दाबून बघा. सात-आठ दाबांनंतर पण मऊच असेल तर गाडी बाहेर काढू नका, ब्रेकच्या पाइपातली हवा काढून घ्या.

प्रश्न : परवाच डिस्क-पॅड दोन्ही नवे टाकले आणि ब्रेक आधीपेक्षा कमी लागतोय असं वाटतंय. फसवलं का मला? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

बहुतेक नाही. नवा पॅड आणि नवी डिस्क एकमेकांना अजून पूर्ण टेकलेले नाहीत. मोकळा रस्ता बघून ६० वरून २० पर्यंत मध्यम दाबानं वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, अर्धा मिनिट गाडी चालू द्या, परत करा, असं आठ-दहा वेळा. मग दहा मिनिटं ब्रेकला फारसा हात न लावता चालवा म्हणजे थंड होईल. पहिले दोन-तीनशे किमी करकचून ब्रेक मारायची वेळ येणार नाही असं अंतर ठेवून चालवा. तेवढ्यावर पण पकड आली नाही, किंवा गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर त्याच दिवशी परत न्या आणि चाक काढून बघायला सांगा, पॅडवर ग्रीस किंवा ऑइल लागलंय का ते. लागलं असेल तर पुसून चालत नाही, त्या दोन्ही बाजूंचे पॅड परत नवे टाकावे लागतात.